घोडी लंगडते, पण दुखते कुठे?

पशुधन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे सात वर्षांची मारवाडी घोडी आहे. वडिलांच्या काळापासून आसपासच्या खेड्यांत लग्नाच्या वरातीसाठी घोडी नेण्याचा आमचा जोडधंदा आहे. गेल्या उन्हाळ्यात लगीनसराईच्या शेवटी ती उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागली. पायाला सूज नाही, जखम नाही, कुठे हात लावला तरी पाय ओढून घेत नाही. तीन वेळा दुखणे थांबवणारे इंजेक्शन दिले. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच झाले. पावसाळ्यात काम नव्हते, घोडी वावरात मोकळी होती, तेव्हा लंगडणे जवळजवळ थांबले होते. दुर्गा विसर्जनाच्या मिरवणुकीला नेली आणि डांबरी रस्त्यावर ती पुन्हा लंगडू लागली. ठाणावर उभी असताना उजवा पाय थोडा पुढे टाकून उभी राहते. उजव्या खांद्याचे मांस उतरलेले दिसते, त्यामुळे खांदा भरला आहे असे जुनी मंडळी सांगतात आणि तापल्या लोखंडाने डाग देण्याचा सल्ला देतात. डाग द्यावा काय? तुळशीच्या लग्नानंतर कामे सुरू होतील, तोवर ती बरी होईल काय?
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : डाग देऊ नका. आपल्या पत्रात खांद्याकडे बोट दाखवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उतरलेले मांस, आणि ते दुखण्याचे कारण नसून परिणाम आहे. जो पाय जनावर महिनोन्‌महिने जपून टाकते, त्यावर पूर्ण भार येत नाही, आणि भार न घेणाऱ्या पायाचे स्नायू हळूहळू सुकतात. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे हाडे, सांधे, कंडरा आणि कातडी एवढेच असते. त्यामुळे दुखणे खुरात असले तरी मांस उतरलेले दिसते ते खांद्यावरच, आणि पाहणाऱ्याचे लक्ष दुखण्याच्या जागेपासून सर्वांत दूर जाते. डाग दिल्यावर घोडे बरे झाल्याचे दाखले आपल्याला ऐकायला मिळतील, आणि ते सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. पण डागलेल्या जनावराला महिना-दीड महिना कोणी कामाला जुंपत नाही, आणि त्या विश्रांतीचे श्रेय डागाला मिळते. आपल्या घोडीने पावसाळ्यात डागाशिवायच हे दाखवून दिले आहे.

तीन इंजेक्शनांनी बरे वाटले यावरूनही फारसे काही कळत नाही. वेदनाशामक औषध रक्तातून सर्व शरीरात जाते. ते खांद्याचे दुखणेही दाबते आणि खुराचेही. दुखणे नेमके कुठे आहे हे सापडेपर्यंत ते झाकू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण ज्या खुणेच्या आधारे जागा शोधायची, तीच खूण औषधाने पुसली जाते. तपासणीच्या आधी किती दिवस औषध बंद ठेवायचे हे आपल्या पशुवैद्यकांना विचारून ठरवा. शिवाय दिलेले औषध कोणते होते हे चिठ्ठीवर पाहून घ्या. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात; २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही त्याच कारणाने बंदी आली. माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणलेले इंजेक्शन घोडीला टोचण्याची पद्धत आपल्याकडे असेल, तर ती बंद करावी. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना अपाय न करणारा पर्याय उपलब्ध आहे, पण तोही डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्यावा.

आता आपल्या पत्रातील ज्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात त्यांकडे येतो. घोडी वावरातील मऊ मातीत बरी चालते आणि डांबरी रस्त्यावर लंगडते. काम थांबले की दुखणे कमी होते आणि काम सुरू झाले की परत येते. उभी असताना ती उजवा पाय पुढे टाकते, म्हणजे टाचेवरचा भार काढून घेते. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि पुढच्या पायाच्या लंगडण्याची बहुतेक कारणे खुरातच सापडतात. कडक रस्त्याचा हादरा सर्वांत आधी खुराला बसतो, तर कंडरेचे किंवा अस्थिबंधाचे दुखणे बहुधा खोल, मऊ मातीत जास्त जाणवते. या सर्वांवरून माझा संशय खुराच्या मागच्या अर्ध्या भागावर, म्हणजे टाचेच्या बाजूवर आहे. परंतु पत्र वाचून आलेला संशय म्हणजे निदान नव्हे, आणि त्यावर उपचार सुरू केले तर आपण पुन्हा खांद्याचीच चूक खुरावर करू. म्हणून पुढचा क्रम मी सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, पाय कोणता हे पुन्हा एकदा पक्के करा. चालताना हलके लंगडणे दिसत नाही. ते दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, दिसते, कारण दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतील पाय जोडीने पडतात आणि दोन्ही बाजूंची तुलना करता येते. सपाट, कडक जमिनीवर, पंचवीस-तीस मीटर सरळ, एकाने घोडी दुडकीने न्यावी आणि परत आणावी. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना घोडी मान वर उचलते आणि चांगला पाय टेकताना मान खाली येते. पुष्कळ लोक मान ज्या पायावर पडते तोच पाय दुखरा समजतात आणि चांगल्या पायाला लेप लावत बसतात.

येथे वरातीच्या घोडीची एक खास अडचण आहे. तिला मान ताठ ठेवण्याची सवय लावलेली असते आणि धरणारा माणूस लगाम तोंडाजवळ आवळून धरतो, त्यामुळे मानेची ही खूण दिसतच नाही. तपासताना साधा दोर बांधा, हातभर ढिला सोडा आणि धरणाऱ्याने घोडीच्या तोंडाकडे न पाहता समोर पाहत पळावे. मारवाडी घोडी रवाल चालत असेल तर त्या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात आणि वरचा नियम फसवा ठरतो. तिला दुडकीवर आणूनच पाहावे लागते. आणखी एक चकवा असा की, मागचा उजवा पाय दुखत असला तरी दुडकीत मानेची हालचाल पुढचा उजवा पाय दुखत असल्यासारखीच होते. म्हणून मागून पाहतानाही कंबरेच्या दोन्ही बाजू सारख्या वर-खाली होतात की नाही हे तपासावे. मोबाइलवर समोरून, मागून आणि बाजूने चित्रण करून ते हळू वेगाने पाहिले, तर डोळ्याला न दिसलेले पुष्कळ दिसते, आणि डॉक्टर गावात आले त्या दिवशी घोडी नेमकी बरी चालली तरी चित्रण हाताशी राहते. सरळ पाहून झाल्यावर कडक जमिनीवर दोन्ही हातांना गोल फिरवून पाहावे; खुराचे दुखणे असेल तर तो पाय गोलाच्या आतल्या बाजूला असताना लंगडणे बहुधा वाढते.

दुसरी गोष्ट, खूर. पाय धुऊन, पुसून, उजेडात उचलून पाहा आणि प्रत्येक वेळी डाव्या खुराशी तुलना करा. उजवे खूर डाव्यापेक्षा अरुंद, टाचेशी आवळलेले आणि उभट झाले आहे काय? महिनोन्‌महिने भार न घेतलेले खूर असे आकसते, आणि तसे दिसले तर दुखणे आपण समजतो त्याहून जुने आहे असे धरावे. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकटा असेल तर तो सडवा आहे. तो साफ करून खूर कोरडे ठेवले पाहिजे, पण एवढ्यानेच इतक्या दिवसांचे लंगडणे होईल असे मला वाटत नाही. खुराच्या वरच्या गोल सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे हलकी टेकवली की नाडी लागते. निरोगी पायात ती मुश्किलीने जाणवते. ठणठणीत उडत असेल तर खुराच्या आत दाह आहे.

यानंतर नालबंदाला बोलवा, आणि तो नाल काढत असताना आपण स्वतः शेजारी उभे राहा. नाल एकदम उपटू देऊ नका. आधी त्याने प्रत्येक खिळ्यावर छोट्या हातोडीने हलकेच ठोकावे, डाव्या पायापासून सुरुवात करावी, आणि कोणत्या खिळ्यावर घोडी पाय आखडते हे पाहावे. मग खिळे एकेक करून काढावेत. निघालेला खिळा कोरडा आणि स्वच्छ असला पाहिजे. तो ओला, काळपट निघाला आणि नाकाशी नेल्यावर त्याला घाण वास आला, तर तो खिळा आतल्या जिवंत भागाला लागला आहे आणि तेथे पू झाला आहे असे समजावे. खिळा खुराच्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरूनच जायला हवा. रेघेच्या फार जवळून गेला तर पू होत नाही, पण आतला भाग दाबला जाऊन घोडी जपून चालते. शेवटची नालबंदी आणि पहिले लंगडणे यांत किती दिवसांचे अंतर होते, हे आठवून डॉक्टरांना सांगा. पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला तो हवा होता.

इतर वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. घोडा एका रात्रीत तीन पायांवर आला, पाय टेकवेनासा झाला, नाडी जोरात उडते आहे आणि वर काही दिसत नाही, तर हाड मोडले असे समजून घाबरण्याआधी खुरात पू झाला आहे काय ते पाहून घ्यावे. आपल्या काळ्या मातीत पावसाळाभर खूर भिजून मऊ होते आणि नंतर पऱ्हाटी किंवा तुराटी कापलेल्या वावरातील तिरकस खुंट तळव्यात घुसतात. छिद्र बंद होते आणि पू आत कोंडतो. पशुवैद्यकाने वाट करून पू काढला की घोडा त्याच दिवशी पाय टेकू लागतो, इतका फरक पडतो. पण आत गेलेला खुंट किंवा खिळा आपण होऊन उपटू नये. तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे हे डॉक्टरांनी पाहणे आवश्यक असते. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे खुराच्या प्रत्येक जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारलेच पाहिजे. आपल्या घोडीचे दुखणे महिनोन्‌महिने येत-जात आहे, त्यामुळे ते या प्रकारचे असण्याची शक्यता कमी आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते आपल्या घोडीसाठी हीच निर्णायक आहे, ती म्हणजे बधिर करून पाहण्याची तपासणी. पशुवैद्यक आधी खुराला सांड्शीसारखा मोठा चिमटा लावून तळवा ठिकठिकाणी दाबून पाहतात आणि सांधे वाकवून धरून लगेच दुडकीने पळवतात. त्यातून जागा नक्की झाली नाही, तर टाचेच्या वर दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या मज्जातंतूंजवळ थोडेसे बधिरतेचे औषध टोचतात. पाच-दहा मिनिटांनी टाचेच्या फुगीर भागावर पेनाच्या टोकाने दाबून बधिरता आल्याची खात्री करतात आणि घोडी पुन्हा पळवून पाहतात. लंगडणे थांबले तर दुखणे त्या बधिर केलेल्या भागात आहे. थांबले नाही तर एक पायरी वर जाऊन पुन्हा टोचतात. ही तपासणी खालून वर अशीच करावी लागते, कारण वरच्या जागी टोचले की त्याखालचा सर्व पाय बधिर होतो आणि काहीच वेगळे करता येत नाही. हाडाला तडा गेल्याचा संशय असेल तर ही सुई देत नाहीत, कारण दुखणे न जाणवल्यामुळे घोडी पूर्ण भार टाकते आणि तडा गेलेले हाड मोडू शकते.

या तपासणीत कधीकधी एक विलक्षण गोष्ट दिसते. उजवा पाय बधिर केल्यावर घोडी अचानक डाव्या पायाने लंगडू लागते. तसे झाले तर सुई चुकली असे समजू नका. दोन्ही पुढचे पाय दुखत होते आणि उजवा जास्त दुखत असल्यामुळे डाव्याचे दुखणे झाकले गेले होते, असा त्याचा अर्थ आहे. वरातीच्या घोड्यांत हे आढळले तर मला नवल वाटणार नाही. बँडच्या तालावर डांबरावर पुढचे दोन्ही पाय आपटत घोडी नाचवतात, आणि प्रत्येक आपटीचा हादरा दोन्ही खुरांना सारखाच बसतो.

एक्स-रे त्यानंतर काढावा, आधी नव्हे. खुराच्या आत टाचेच्या बाजूला नॅव्हिक्युलर नावाचे छोटे हाड असते आणि त्यावरून एक मोठी कंडरा घसरत जाते. टाचेच्या जुनाट दुखण्यात या जागेचा विचार करावाच लागतो. पण त्या हाडातील बदल न लंगडणाऱ्या घोड्यांच्या एक्स-रेतही दिसतात, आणि कंडरेची इजा एक्स-रेत दिसतच नाही. दुखण्याची जागा आधी ठरलेली असेल तरच चित्राचा अर्थ लावता येतो. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. निघण्यापूर्वी फोन करून शल्यचिकित्सा विभागात घोड्याची लंगडण्याची तपासणी कोणत्या दिवशी होते हे विचारा. सोबत मोबाइलमधील चित्रण, दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि नालबंदीच्या तारखा न्या. नाल काढलेली असेल तर खूर कापडाने बांधून न्या, म्हणजे गाडीत कडा तुटणार नाहीत.

निदान टाचेचेच निघाले, तर पुढचे बरेचसे काम नालबंदाच्या हातात आहे. खुराचा पुढचा भाग लांब वाढू न देणे, टाच खाली न बसू देणे, टाचेला पूर्ण आधार मिळेल एवढी मागे येणारी नाल बसवणे, आणि नाल झिजेपर्यंत थांबण्याऐवजी पाच-सहा आठवड्यांनी खूर कापून नवी नालबंदी करणे, हे सर्व डॉक्टर आणि नालबंद यांनी एकत्र बसून ठरवावे. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे बिघडलेला आकार सुधारायला काही महिने लागतात. त्यामुळे तुळशीच्या लग्नापर्यंत घोडी बरी होईल असे मी सांगू शकत नाही, आणि कोणी इंजेक्शन देऊन तसे वचन दिले तर ते घेऊ नये. या हंगामात तिच्यावर नवरदेव बसवू नका. आपला जोडधंदा यावर आहे याची मला जाणीव आहे. तरीही दुखऱ्या पायावर एक हंगाम रेटला, तर पुढचे हंगाम हाती राहतीलच असे नाही. ती बरी झाल्यावर मिरवणुकीत चालवा, पण डांबरावर नाचवणे कायमचे बंद करा, ही माझी विनंती आहे.

प्रश्न : आमचा घोडा गोठ्यात गाई-म्हशींच्या शेजारी बांधलेला असतो. धान निसवत असल्यापासून तो मागच्या पायांनी लंगडतो. कोणता पाय दुखतो हे कळत नाही. वळताना झोक जातो आणि मागच्या खुरांची पुढची कड घासून झिजली आहे. खाणे-पिणे ठीक आहे. वर सांगितल्याप्रमाणे पाय तपासून घ्यावा काय?
— एक वाचक, जिल्हा भंडारा

उत्तर : नाही. आपण लिहिलेल्या खुणा पाय दुखण्याच्या नसून पायावरचा ताबा सुटल्याच्या आहेत. दुखऱ्या पायाचा घोडा पाऊल जपून, पण अचूक टाकतो. ताबा सुटलेला घोडा पाऊल कुठेही टाकतो, खूर ओढतो आणि लहान गोलात वळवला की मागचे पाय एकमेकांत अडकवतो. तो चालत असताना शेपूट एका बाजूला हलकेच ओढून पाहा. निरोगी घोडा लगेच प्रतिकार करतो आणि हा सहज ओढला जाईल. हे करताना मागे उभे राहू नका, बाजूला राहा.

पावसाळ्याच्या शेवटी, गुरांच्या शेजारी आणि डासांच्या प्रदेशात असे झाले, तर आमच्या मनात पहिला संशय कुमरी या जंतांमुळे होणाऱ्या रोगाचा येतो. सेटारिया नावाचा जंत गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत राहतो आणि गुरांना त्याचा सहसा त्रास होत नाही. त्याची पिल्ले डासांमार्फत घोड्यात गेली की ती वाट चुकून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतात. उपचार लवकर सुरू झाले तर उपयोग होतो, मज्जारज्जूची मोठी हानी झाल्यावर फारसा होत नाही, म्हणून या बाबतीत एक-एक दिवस मोलाचा आहे. दुसरा संशय सर्रा या रोगाचा आहे. तो चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, त्यात ताप येतो-जातो, घोडा रोडावतो आणि पोटाखाली सूज येते. यासाठी सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. घोड्याचा ताप विश्रांतीत साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतो. त्याहून वाढलेला असेल त्याच वेळी घेतलेल्या रक्तात सर्र्याचे जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते.

गेल्या काही महिन्यांत घोड्याला कुत्रे चावले असेल, किंवा गावात पिसाळलेले कुत्रे फिरत असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. रेबीजची सुरुवातही मागचे पाय लुळे पडण्याने होऊ शकते. निदान होईपर्यंत घरातील कोणीही घोड्याच्या तोंडात हात घालू नये, लाळ हाताला लागू देऊ नये, आणि लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. त्याला गुरांपासून दूर, घसरणार नाही अशा कोरड्या मातीच्या जागेवर बांधा आणि रात्री डासांपासून जपा. झोक जाणाऱ्या घोड्याला टेम्पोत चढवून नेणे धोक्याचे आहे, कारण तो पडला तर पुन्हा उठेलच असे नाही. १९६२ या क्रमांकावर आजच फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक घरी बोलवा.